डिस्क कॅश आणि बिघडणारा डेटा : लहान सर्व्हर सांभाळणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना, कॅनडा कॉर्नरजवळचे करसल्लागाराचे कार्यालय, पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष पॅकहाउस किंवा लासलगावातील कांदा व्यापाऱ्याचे खळे, यांपैकी बहुतेक ठिकाणी आज एखादा सर्व्हर असतो आणि तो सांभाळण्याचे काम बहुधा अशा माणसाकडे येते, ज्याने ते रीतसर शिकलेले नसते. हा लेख त्या माणसासाठी आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी वारा सुटला की वीज जाते, सर्व्हर बंद पडतो, वीज आल्यावर तो सुरूही होतो आणि सगळे सुरळीत दिसते. मात्र महिनाअखेरीस एखाद्या खात्याची बेरीज जुळत नाही किंवा एखादी जुनी हिशोबपट्टी उघडताच प्रोग्राम बंद पडतो. अशा वेळी दोष व्हायरसला किंवा सॉफ्टवेअरला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण डिस्क कॅशच्या मांडणीत असते आणि ती मांडणी तपासणे नवशिक्यालाही जमण्यासारखे आहे.

कॅश कोठे असते

डिस्कवर लिहिणे हे मेमरीत लिहिण्यापेक्षा फार सावकाश होते, म्हणून वाटेतला जवळजवळ प्रत्येक थर आलेला मजकूर आधी आपल्याजवळच्या वेगवान मेमरीत ठेवून घेतो, प्रोग्रामला ‘लिहून झाले’ असे कळवतो आणि प्रत्यक्ष डिस्कवर तो नंतर सवडीने उतरवतो. या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. मजकूर खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय ‘झाले’ न म्हणणारी पद्धत म्हणजे राइट-थ्रू. ती सुरक्षित असते, पण संथ असते. वाचनासाठीच्या कॅशमध्ये डिस्कवर असलेल्या मजकुराची केवळ प्रत असते, त्यामुळे वीज गेल्याने तिच्यातून काही हरवत नाही. तिचा एक अपवाद पाचव्या पायरीत येईल; तोवर येथे कॅश म्हणजे लेखनाची कॅश असे समजावे.

या कॅशमध्ये किती मजकूर अडकलेला असू शकतो, याची कल्पना नवोदितांना सहसा नसते. लिनक्सच्या मूळ मांडणीत मेमरीतला बदललेला मजकूर ३० सेकंद जुना झाल्यावर डिस्कवर पाठवण्यायोग्य ठरतो आणि तो पाठवणारा घटक दर ५ सेकंदांनी जागा होतो. असा मजकूर उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की तो मागच्या मागे उतरवणे सुरू होते आणि २० टक्क्यांवर गेला की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवले जाते. म्हणजे ३२ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर एखादी मोठी फाइल कॉपी ‘पूर्ण’ झाल्याचे दिसत असताना तिचा ३ जीबीपर्यंतचा भाग केवळ मेमरीत असणे शक्य आहे. त्याखाली डिस्कची स्वतःची मेमरी असते. साध्या ३.५ इंची हार्ड डिस्कमध्ये ती ६४ किंवा २५६ एमबी अशी असते, आणि या दोहोंच्या मधे रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारे कार्ड) असल्यास त्याची आणखी १ ते ८ जीबी.

हे सर्व थर प्रामाणिक असतील तर काळजीचे कारण नाही, कारण वरचा प्रोग्राम महत्त्वाच्या क्षणी फ्लशची आज्ञा देऊ शकतो. तुमच्याकडे जे साठले आहे ते आता खरोखर डिस्कवर उतरवा आणि उतरल्यावरच मला कळवा, असा तिचा अर्थ असतो. लिनक्समध्ये प्रोग्राम एफसिंक नावाच्या हाकेने ती देतो आणि ती साटा किंवा एनव्हीएमई या जोडणीच्या डिस्कपर्यंत पोहोचते. पोहोचली पाहिजे, असे म्हणणे अधिक बरोबर. वाटेतल्या एका जरी थराने ती गिळून खोटेच ‘उतरवले’ असे कळवले, तर वरच्या सर्व थरांची काळजी व्यर्थ जाते. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीत आपण एकच प्रश्न विचारणार आहोत : या क्षणी वीज गेली, तर ज्या मजकुराबाबत हा थर ‘झाले’ म्हणून बसला आहे, त्याचे काय होईल?

हरवणे वेगळे, बिघडणे वेगळे

वीज गेल्यावर शेवटच्या काही सेकंदांतील नोंदी हरवल्या, तर त्या पुन्हा करता येतात. काट्यावरची पावती हाताशी असते आणि कारकुनाला शेवटची नोंद आठवते. बिघाड मात्र क्रम मोडल्यामुळे होतो. डेटाबेस आपले काम जुन्या पेढीवरील हिशोबनिसाप्रमाणे करतो : व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवायचा आणि मगच खतावणीत चढवायचा, म्हणजे खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते. डेटाबेसचा लॉग ही त्याची रोजकीर्द आहे आणि लॉग डिस्कवर पोहोचला याची खात्री तो फ्लश देऊन करून घेतो. आता डिस्कने आपल्या कॅशमधील मजकूर स्वतःच्या सोयीच्या क्रमाने उतरवला, खतावणीचे पान आधी गेले, रोजकीर्द मेमरीतच राहिली आणि तेवढ्यात वीज गेली, तर वीज आल्यावर डेटाबेसपुढे असे पान येते, ज्याचा खुलासा करणारी नोंद कोठेच नाही.

दुसरा प्रकार फाटलेल्या पानाचा. डेटाबेस आपला डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत म्हणजे पानांत ठेवतो. पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस ८ केबीचे पान वापरतात, मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन मूळ मांडणीत १६ केबीचे. डिस्कचा सेक्टर मात्र ५१२ बाइट किंवा ४ केबीचा असतो. त्यामुळे एक पान अनेक सेक्टरांत विभागून लिहिले जाते आणि मध्येच वीज गेल्यास त्याचा अर्धा भाग नवा, अर्धा जुना राहतो. यावर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पूर्ण पान लॉगमध्ये ठेवण्याची आणि इनोडीबीमध्ये पान दोनदा लिहिण्याची सोय आहे, परंतु या दोन्ही सोयी फ्लश खरा आहे हे गृहीत धरूनच चालतात.

या बिघाडाचा खरा त्रास असा की तो लगेच दिसत नाही. बिघडलेले पान मागच्या वर्षीच्या नोंदींचे असेल, तर ते लेखापरीक्षणापर्यंत कोणी उघडणारच नाही आणि दरम्यान रोजच्या बॅकअपमध्ये तेच बिघडलेले पान इमानेइतबारे साठत राहील. म्हणूनच ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ हे या प्रश्नाचे पुरेसे उत्तर ठरत नाही. किती जुना बॅकअप आहे, हेही विचारावे लागते.

पायरी १ : साखळी कागदावर मांडावी

कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी एका कागदावर वरून खाली सर्व थर लिहून काढावेत : हिशोबाचा प्रोग्राम, डेटाबेस, फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल्सची मांडणी ठेवणारी व्यवस्था), ऑपरेटिंग सिस्टिम, आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) असल्यास ते चालवणारा संगणक म्हणजे त्याचा यजमान, नेटवर्कवरील स्टोरेज (नॅस) असल्यास ते, रेड कंट्रोलर, आणि शेवटी डिस्क. प्रत्येकासमोर कॅश आहे की नाही, ती राइट-बॅक आहे की राइट-थ्रू, आणि तिला बॅटरीचा आधार आहे का, हे लिहावे. जेथे उत्तर माहीत नसेल तेथे रकाना रिकामा ठेवावा. तपासणी खालून वर करावी, कारण खालचा थर खोटे बोलत असेल तर वरची प्रत्येक मांडणी निरर्थक ठरते.

पायरी २ : डिस्क

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्क ड्राइव्हजखालील आपल्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीज हा भाग पाहावा. तेथे सहसा दोन चौकटी असतात. पहिली डिस्कवरील राइट कॅशिंग चालू करते. ती खूण असणे हा स्वतःहून धोका नाही, कारण विंडोज गरजेच्या वेळी फ्लश पाठवत राहते. दुसरी चौकट विंडोजला ही फ्लशची आज्ञाच पाठवू नये असे सांगते. डिस्कला स्वतंत्र बॅटरीचा आधार असल्याखेरीज तीत खूण करू नये, असा इशारा त्याच खिडकीत दिलेला असतो. तरीही सर्व्हर वेगवान करण्याचे उपाय सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये ही खूण करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि या एका खुणेने जेवढे नुकसान होऊ शकते त्याच्या मानाने मिळणारा वेग फारच किरकोळ असतो. बाहेरून जोडण्याच्या डिस्कसाठी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ ही कॅश न वापरणारी मांडणी मूळची असते. ती तशीच ठेवावी.

लिनक्समध्ये एचडीपार्म या आज्ञेला मोठ्या लिपीतील डब्ल्यू हा पर्याय दिला की साटा डिस्कची कॅश चालू आहे की बंद हे दिसते, आणि त्याच पर्यायापुढे शून्य दिले की ती बंद होते. ही मांडणी डिस्कची वीज बंद-चालू झाल्यावर टिकेलच असे नाही, म्हणून सर्व्हर सुरू होताना ती आज्ञा आपोआप दिली जाईल अशी व्यवस्था करावी. येथे एका सापळ्याची माहिती असणे आवश्यक आहे. लिनक्सच्या सिस या फोल्डरात प्रत्येक डिस्कच्या क्यू विभागात राइट कॅश नावाची एक छोटी फाइल असते, जीत ‘राइट बॅक’ किंवा ‘राइट थ्रू’ असे लिहिलेले दिसते. अनेकांना वाटते की तीत ‘राइट थ्रू’ लिहिले की डिस्क सुरक्षित झाली. प्रत्यक्षात त्या बदलाने डिस्कची कॅश बंद होत नाही. फक्त कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, समज बदलतो, आणि डिस्कला कॅशच नाही असे मानून कर्नल फ्लश पाठवणे थांबवतो. सुरक्षिततेसाठी केलेला बदल अशा रीतीने नेमका उलटा पडतो.

एसएसडीच्या बाबतीत किमतीतला फरक महत्त्वाचा आहे. सर्व्हरसाठीच्या बहुतेक एसएसडींमध्ये वीज गेल्यावर मेमरीतील मजकूर फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींमध्ये ते सहसा नसतात. कपॅसिटर नसलेली एसएसडी फ्लशचे पालन करत असेल तर ती संथ वाटते, आणि ती अतिशय वेगवान वाटत असेल तर फ्लशबाबत संशय घ्यावा. एसएसडी घेताना माहितीपत्रकात पॉवर लॉस प्रोटेक्शनचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे आणि दुकानदाराच्या तोंडी हमीवर थांबू नये. एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या स्थितीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट माहितीत ‘अनसेफ शटडाउन्स’ असा एक आकडा असतो. वीज अचानक गेल्याच्या वेळा त्यात मोजल्या जातात, आणि जुना सर्व्हर ताब्यात घेताना तो पाहिला तर आधीची परिस्थिती पुरेशी स्पष्ट होते. यूएसबीवरील डिस्कवर चालू डेटाबेस ठेवूच नये. त्या पेटीतील जोडणीची चिप फ्लश पुढे पाठवीलच याचा भरवसा नसतो, आणि शिवाय केबल ओढली जाते.

पायरी ३ : रेड कंट्रोलर

माझ्या मते लहान कार्यालयांत सर्वाधिक धोका येथेच असतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा तीन पर्याय असतात : राइट-थ्रू, बॅटरी चांगली असेल तरच राइट-बॅक, आणि बॅटरी असो वा नसो कायम राइट-बॅक. मधला पर्याय योग्य. बॅटरी असलेल्या कंट्रोलरची मेमरी वीज गेल्यावरही काही काळ टिकते आणि वीज येताच त्यातला मजकूर डिस्कवर उतरतो. नव्या प्रकारात बॅटरीऐवजी कपॅसिटर असतो व तो मजकूर कंट्रोलरवरील फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतो, त्यामुळे त्याला काळाची मर्यादा जवळजवळ राहत नाही.

आता नेहमी घडणारा क्रम पाहू. कंट्रोलरची बॅटरी काही वर्षांनी निकामी होते, आणि बंद खोलीत, ४० अंशांच्या उन्हाळ्यात ती लवकर होते. कंट्रोलर शहाणपणाने स्वतःहून राइट-थ्रूवर जातो. सर्व्हर अचानक संथ होतो, ऐन द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसमधून तक्रारी येतात, आणि बोलावलेला माणूस तिसरा पर्याय निवडून जातो. वेग परत येतो, सर्वजण समाधानी होतात, बॅटरीची चौकशी कोणी करत नाही. त्यानंतर पहिल्यांदा वीज जाईल तेव्हा कंट्रोलरच्या मेमरीतील सर्व मजकूर नाहीसा होईल; आणि त्यात फाइल सिस्टिमची स्वतःची रचनाही असू शकते, त्यामुळे केवळ शेवटची फाइल नव्हे तर सबंध व्हॉल्यूम (एकच ड्राइव्ह म्हणून दिसणारा साठा) न उघडण्याची वेळ येते. म्हणून सर्व्हर एकाएकी संथ झाल्यास प्रथम बॅटरीची स्थिती पाहावी. काही कंट्रोलर बॅटरीची क्षमता तपासण्यासाठी ती ठरावीक काळाने रिकामी करून पुन्हा भरतात, तेव्हाही तात्पुरता संथपणा येतो. तो आपोआप जातो आणि त्यासाठी काहीही बदलण्याची गरज नसते.

कंट्रोलरच्या बॅटरीचे संरक्षण त्याच्यामागे जोडलेल्या डिस्कच्या स्वतःच्या कॅशला मिळत नाही. त्यासाठी ‘डिस्क कॅश पॉलिसी’ अशी वेगळी मांडणी असते व ती बंद असावी. तसेच सर्व्हर सुरू होताना जपून ठेवलेल्या कॅशबद्दल संदेश आला आणि ती टाकून देण्याचा पर्याय दिसला, तर घाईने ती टाकून देऊ नये. गळालेली डिस्क किंवा निसटलेली केबल परत जोडल्यास तो मजकूर अजूनही उतरू शकतो. त्याच कारणासाठी, अशा स्थितीत डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरमध्ये घालून पाहण्याचा प्रयोग करू नये.

पायरी ४ : एसएसडीची कॅश

हार्ड डिस्कच्या मोठ्या व्हॉल्यूमपुढे एसएसडी कॅश म्हणून लावण्याची सोय अनेक नॅस पेट्यांत आणि लिनक्समध्ये असते. लिनक्सच्या एलव्हीएम कॅश व बीकॅश या दोन्हींची मूळ मांडणी राइट-थ्रू आहे, आणि एसएसडी गेली तरी तीत डेटा सुरक्षित राहतो. राइट-बॅक निवडल्यास मात्र न उतरलेला मजकूर फक्त एसएसडीवर असतो, तोही सेकंदांपुरता नव्हे तर कदाचित तासन् तास, आणि ती एसएसडी बिघडली की मागचे व्हॉल्यूम अर्धवट अवस्थेत उरते. सिनॉलॉजीच्या पेट्या लेखनाच्या कॅशसाठी किमान २ एसएसडी मागतात, त्याचे कारण हेच. दोन एसएसडी एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या असतील तर त्यांची झीजही जवळजवळ सारखीच होते, हेही लक्षात ठेवावे. कॅश सॉफ्टवेअरमधून रीतसर वेगळी केल्याशिवाय एसएसडी कधीही उपसू नये. लहान कार्यालयाने वाचनाची कॅश वापरावी आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

पायरी ५ : आभासी यंत्रे आणि सामायिक व्हॉल्यूम

केव्हीएम या लिनक्समधील आभासी यंत्रांच्या सोयीवर आधारित यजमानात आभासी डिस्कसाठी कॅशचे पाच प्रकार मिळतात : नन, राइट-बॅक, राइट-थ्रू, डायरेक्ट-सिंक आणि अनसेफ. प्रॉक्समॉक्स या त्यावर आधारित सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणी ‘नो कॅश’ म्हणजे पहिल्या प्रकाराची आहे, आणि नवोदिताने ती बदलू नये. या प्रकारात यजमानाच्या मेमरीतील कॅश टाळली जाते, पण डिस्कची कॅश चालूच राहते आणि पाहुण्या म्हणजे आभासी यंत्राचा फ्लश तिच्यापर्यंत पोहोचतो. राइट-बॅकमध्ये यजमानाची मेमरी वापरली जाते, तरी फ्लशचे पालन होते. ‘अनसेफ’ या प्रकारात फ्लश सरळ दुर्लक्षिला जातो; नाव इतके स्पष्ट असूनही वेग पाहून तो निवडला जातो, याचे आश्चर्य वाटते. एकदा चाचणी घेऊन पुसून टाकायच्या यंत्राखेरीज तो कोठेही वापरू नये.

क्लाउडमध्येही हाच प्रश्न वेगळ्या नावाने येतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर प्रत्येक डिस्कसाठी होस्ट कॅशिंगचे नन, रीड-ओन्ली आणि रीड-राइट असे तीन पर्याय असतात. डेटाबेसच्या लॉगची डिस्क ‘नन’वर आणि डेटाच्या फाइल्सची डिस्क ‘रीड-ओन्ली’वर ठेवावी. ‘रीड-राइट’ तेव्हाच निवडावा, जेव्हा आपला प्रोग्राम वेळोवेळी स्वतः फ्लश देतो याची खात्री असेल. ४ टीबी व त्याहून मोठ्या डिस्कला तेथे ही कॅश मिळतच नाही, त्यामुळे डिस्क वाढवताना वेग का पडला याचे कोडे पडू नये.

आता वाचनाच्या कॅशचा अपवाद. एकच व्हॉल्यूम एकाच वेळी दोन यंत्रांना जोडले, तर वीज न जाताही डेटा बिघडतो. पहिल्या यंत्राने केलेला बदल दुसऱ्याच्या मेमरीतील प्रतीत दिसत नाही. दुसरे यंत्र जुन्या प्रतीच्या आधारे रिकामी जागा शोधते आणि पहिल्याने नुकत्याच भरलेल्या जागेवर लिहिते. ईएक्सटी४, एक्सएफएस किंवा एनटीएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम एका वेळी एकच यंत्र गृहीत धरतात. दुसरीकडे केवळ वाचनासाठी जोडले तर चालेल, हा समजही खोटा आहे, कारण वाचणाऱ्याला अर्धवट रचना दिसू शकते, आणि ईएक्सटी४ तर केवळ वाचनासाठी जोडतानाही अपुरे राहिलेले जर्नल (फाइल सिस्टिमची रोजकीर्द) पुरे करण्याकरिता डिस्कवर लिहिते. दोन यंत्रांना एक व्हॉल्यूम हवेच असेल, तर जीएफएस२, ओसीएफएस२ किंवा विंडोजचे क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम यांसारखी त्यासाठीच बनवलेली व्यवस्था घ्यावी. नाहीतर एका यंत्रावर व्हॉल्यूम ठेवून दुसऱ्याला ते नेटवर्कवरून द्यावे.

पायरी ६ : फाइल सिस्टिम आणि डेटाबेस

ईएक्सटी४ मध्ये फ्लशवर आधारलेली, लेखनाचा क्रम राखणारी बॅरिअर ही मांडणी मूळची चालू असते. ती बंद करणारा पर्याय कोणी माउंटच्या यादीत लिहून ठेवला आहे का, ते पाहावे. एक्सएफएसने हा पर्याय पुढे काढूनच टाकला.

डेटाबेसमध्ये कोणती सूट परवडते आणि कोणती नाही, हे ओळखता आले पाहिजे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एफसिंक बंद करणे म्हणजे बिघाडाला निमंत्रण आहे. त्याऐवजी सिंक्रोनस कमिट बंद केल्यास वीज गेल्यावर शेवटचे काही व्यवहार, मूळ मांडणीत सुमारे ०.६ सेकंदांतले, हरवू शकतात, पण क्रम मोडत नाही आणि डेटाबेस सुसंगत राहतो. इनोडीबीमध्ये प्रत्येक व्यवहाराबरोबर लॉग फ्लश करण्याच्या मांडणीचे मूळ मूल्य १ असते. ते २ केल्यास वीज गेल्यावर साधारण एका सेकंदाचे व्यवहार हरवू शकतात. वेग हवाच असेल तर तो अशा ठिकाणी घ्यावा, जेथे नुकसान हरवण्यापुरते मर्यादित आहे. पैशांच्या नोंदींसाठी मी हीदेखील सूट घेणार नाही; हजेरीच्या यंत्रासाठी घेईन.

फ्लश हा विषय जाणकारांनाही चकवतो, याचे उदाहरण २०१८ मध्ये समोर आले. लिनक्सवर मजकूर उतरवताना डिस्कने चूक कळवली, तर कर्नल ती एकदा सांगून तो मजकूर ‘उतरलेला’ मानत असे, आणि त्यानंतरचा एफसिंक यशस्वी झाल्याचे उत्तर देत असे. पोस्टग्रेसक्यूएल मात्र पुन्हा प्रयत्न केला की काम झाले, असे समजत होते. २०१९ पासून त्याने अशा वेळी जाणूनबुजून बंद पडून लॉगवरून सावरण्याची रीत स्वीकारली. डेटाबेस असा अचानक बंद पडला तर तो पुन्हा सुरू करून विषय संपवू नये. आधी डिस्कच्या चुकांची नोंद पाहावी.

पायरी ७ : यूपीएस

यूपीएस आवश्यक आहे, पण त्यामुळे वरच्या पायऱ्या टळत नाहीत. सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळणे, कर्नल कोसळणे किंवा झाडताना प्लग निघणे यांपैकी कशावरही यूपीएसचा उपाय नाही. इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवत असल्यास त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे का, ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज बदलण्यास लागणारा वेळ संगणकाला जास्त होतो. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी उतरू लागताच सर्व्हर आपोआप बंद होईल असे सॉफ्टवेअर बसवावे. लिनक्सवर यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स आहे. बंद होण्याचा क्रम आधी आभासी यंत्रे, मग यजमान, आणि शेवटी नॅस असा असावा. नॅस आधी बंद झाली तर यजमानाच्या मेमरीतील मजकुराला उतरण्यास जागाच उरत नाही.

पायरी ८ : वीज तोडून पाहावी

ही परीक्षा सर्व्हरवर खरा डेटा येण्यापूर्वीच करता येते. त्याआधी एक सोपी वेगचाचणी आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, त्यामुळे एकामागून एक लिहून प्रत्येक वेळी फ्लश दिल्यास सेकंदाला साधारण १२० हून अधिक लेखने खरोखर तबकडीवर होऊ शकत नाहीत. पोस्टग्रेसक्यूएलबरोबर येणाऱ्या टेस्ट-एफसिंक या साधनाने बॅटरी नसलेल्या साध्या हार्ड डिस्कवर हजारांचा आकडा दाखवला, तर वाटेतला कोणता तरी थर फ्लशबाबत खोटे बोलत आहे.

पक्की परीक्षा डिस्कचेकर नावाच्या छोट्या प्रोग्रामने होते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लिहिलेला हा प्रोग्राम दोन संगणक वापरतो : एक लिहीत जातो आणि काय काय फ्लश झाल्याचे उत्तर मिळाले ते नेटवर्कवरून दुसऱ्याला कळवतो, मग पहिल्याची वीज तोडायची, पुन्हा सुरू करायचा आणि दुसऱ्याच्या नोंदीशी डिस्क ताडून पाहायची. वीज तोडताना प्लगच काढावा. रीसेट बटण दाबल्यास डिस्कची वीज चालू राहते, तिची कॅश शाबूत राहते आणि परीक्षा खोटीच उत्तीर्ण होते. ही परीक्षा एकदा करून थांबू नये, कारण वीज नेमकी कोणत्या क्षणी जाते यावर निकाल अवलंबून असतो.

पायरी ९ : अपघात झालाच तर

प्रथम सर्वांना काम थांबवण्यास सांगावे, कारण बिघडलेल्या रचनेवर होणारे प्रत्येक नवे लेखन बिघाड पसरवते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील किंवा लिनक्सच्या कर्नल लॉगमधील डिस्कच्या चुका पाहाव्यात, कंट्रोलरची स्थिती पाहावी, आणि दुरुस्तीची कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी सबंध व्हॉल्यूमची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. दुरुस्तीची साधने न जुळणारा भाग कापून रचना सुसंगत करतात. कापलेला भाग आपल्याला हवा होता का, हे त्यांना कळत नाही. एकमेव प्रतीवर दुरुस्ती चालवणे म्हणून टाळावे, आणि फाइल सिस्टिमची पहिली तपासणी काहीही न बदलणाऱ्या प्रकाराने करावी.

त्यानंतर डेटाबेसची तपासणी करावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चेकडीबी ही आज्ञा त्यासाठी आहे. तिच्यातील डेटा गमावण्याची मुभा देणारा दुरुस्तीचा पर्याय अगदी शेवटी, आणि तोही प्रतीवरच वापरावा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अमचेक हा जोड निर्देशसूचींतील विसंगती शोधतो, आणि पानांचे चेकसम (पानातील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) चालू असतील तर बिघडलेले पान वाचतानाच कळते. १८ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेस क्लस्टरमध्ये चेकसम मुळातच चालू असतात. जुन्या आवृत्तीत ते निर्मितीच्या वेळी किंवा सर्व्हर बंद ठेवून नंतर चालू करावे लागतात. चांगला बॅकअप असेल तर दुरुस्तीच्या वाटेला न जाता तोच आणावा आणि मधल्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा कराव्यात. बॅकअप नसल्याने पोस्टग्रेसक्यूएलचा लॉग सक्तीने नव्याने सुरू करण्याची वेळ आलीच, तर डेटाबेस उघडल्यावर त्यावर काम सुरू करू नये. तत्काळ सर्व डेटाचा डम्प (डेटा बाहेर काढून ठेवलेली फाइल) काढून तो नव्याने तयार केलेल्या डेटाबेसमध्ये भरावा, तारखांनुसार बेरजा कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात, आणि जुना संच लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत पुसू नये.